एकतीस वर्षं आणि चार दिवस

"माझी सुट्टी परत द्या," अनुकूलदा म्हणाले.

मी टेबलाखाली पाय हलवत होतो, तो थांबवला. सुट्टी देणं माझ्या हातात आहे अशा नजरेनं आजवर माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. मला स्वतःलाच दोन महिन्यांत एक मिळाली होती, तीही ताप आल्यामुळे.

अनुकूल सांतरा आमच्या गावच्या फेरीघाटावर दोर झेलतात. हुगळी ओलांडून लाँच आली की खलाशी दोर फेकतो. तो झेलून खुंटाला बांधायचा, माणसं उतरली-चढली की सोडायचा. एवढंच काम. मागच्या आठवड्यात मी आमच्या साइटवर त्यांच्याविषयी लिहिलं होतं : 'एकतीस वर्षं, एकही रजा नाही!' अकरा लाख लोकांनी वाचलं. नगरपालिकेनं शाल दिली.

"चार दिवस घेतली होती," ते म्हणाले. चपला त्यांनी ऑफिसच्या दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. "अठ्ठ्याण्णव साली. बायकोला, मालतीला घेऊन पुरीला गेलो होतो. समुद्र बघायला."

"पण मी विचारलं होतं ना तुम्हाला, अनुकूलदा? तुम्ही म्हणालात, आम्हाला कसली रजा!"

"अरे बाबा, ते तर सगळेच म्हणतात. जेवलात का विचारलं तर मी म्हणतो, कसलं जेवण! म्हणून काय एकतीस वर्षं उपाशी आहे?"

मी फोनवर माझाच लेख उघडला.

"मालती जाऊन तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "परवा माझी मेहुणी आली होती, तुमचं ते फोनवर वाचून. म्हणाली, भावोजी, ताईला जन्मात एकदासुद्धा कुठे नेलं नाहीत? मी म्हटलं, नेलं की, पुरीला! तर म्हणते, छापून आलंय, आता कशाला खोटं बोलता?"

मी त्यांना ऋताजादीकडे नेलं. ऋताजादी आमच्या संपादक. आमची साइट फक्त खऱ्या माणसांच्या खऱ्या गोष्टी छापते, आणि खरं कसं असावं याचे नियम त्यांनी केले आहेत. मथळ्यात आकडा हवा. पहिल्या ओळीला वाचकाचा अंगठा थांबायला हवा. तिसऱ्या परिच्छेदात डोळे भरून यायला हवेत, कारण वाचक सरासरी चाळीस सेकंद थांबतो आणि तेवढ्यात त्याला रडून मोकळं व्हायचं असतं.

"पुरावा आहे?" ऋताजादींनी विचारलं.

"एकही रजा घेतली नाही, याचा कुठे घेतला होता?" मी म्हणालो.

"तमो, ते वेगळं. ते लोकांना आवडलं."

अनुकूलदांनी पिशवीतून फोटो काढला. तरुण अनुकूलदा, शेजारी काठाची साडी नेसलेली, ओठ घट्ट मिटलेली बाई, मागे समुद्र. समुद्र रंगवलेला होता. लाटांवर बदकंही काढली होती.

"हे काय?"

"किनाऱ्यावर वारा फार होता, दिदी. पदर राहीना. मालती म्हणाली, इथे नको, स्टुडिओत काढू."

"म्हणजे पुरीला जाऊन तुम्ही पडद्यापुढे उभे राहिलात?"

"पडदा पुरीचाच होता."

ऋताजादींनी फोटो परत दिला. "बदकं असलेला समुद्र मी पुरावा म्हणून लावू शकत नाही. हजेरीपट आणा."

तिथून आम्ही थेट फेरी कंपनीच्या कचेरीत गेलो. सगळ्या वाटेत मी बसमध्ये उभा राहत होतो, जागा झाली की बसत होतो, परत उभा राहत होतो. अनुकूलदा म्हणाले, "पोटात दुखतंय का?" मी म्हणालो, "नाही." ते म्हणाले, "मग एका जागी राहा. लाँचसुद्धा एवढी डुलत नाही."

कारकून गोलदारबाबूंनी अठ्ठ्याण्णवचं मस्टर शोधून काढलं, झटकलं, आणि चारही दिवसांवर बोट ठेवलं. हजर. हजर. हजर. हजर. चार सह्या.

"घ्या! तुमची बातमी अगदी खरी आहे," ते मला म्हणाले. "अभिनंदन."

अनुकूलदा सह्यांवर वाकले.

"ही माझी सही नाही. हा पाँचू आहे. माझ्या नावाचा 'अ' त्याला कधी जमला नाही. जाताना म्हणाला होता, तू जा रे निवांत, इकडचं मी बघतो. मला वाटलं, दोर बघतो म्हणाला."

"आता कुठे असतात हे पाँचू?"

"वर गेला. दहा वर्षं झाली."

गोलदारबाबूंनी मस्टर मिटलं. "अनुकूल, दोन महिन्यांनी निवृत्त होतोयस. शाल मिळालीय. साहेबांनी तुझा फोटो भिंतीवर लावलाय. खोट्या हजेरीचं काढलंस तर चौकशी लागेल. पेन्शनचे कागद अडकतील. चार दिवसांसाठी?"

"सुट्टी चारच दिवसांची होती ना," अनुकूलदा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लिही. पाँचूचं नाव नको, बिचाऱ्यानं चांगल्या मनानं केलं. सह्या मीच करवून घेतल्या असं लिही."

"ते खरं नाही, अनुकूलदा."

"मग सह्यांचं लिहूच नकोस. मी गेलो होतो एवढं लिही. यांना काय ते मी माझ्या हातानं लिहून देतो."

आणि त्यांनी गोलदारबाबूंकडे कोरा कागद मागितला.

ऋताजादींना हे कळल्यावर त्या खुर्चीतून उठल्या. "ही तर आधीपेक्षा भारी गोष्ट आहे! 'एकतीस वर्षांच्या आदर्श कामगाराची धक्कादायक कबुली!' संध्याकाळपर्यंत दे."

मी हो म्हणालो. जागेवर येऊन मूळ लेख उघडला, मथळा पुसला आणि वर दोन ओळी टाकल्या. मग फोन बंद करून खिशात ठेवला आणि जिना उतरलो.

आठवड्यानं घाटावर गेलो. अनुकूलदा खुंटावर बसले होते. मला पाहून त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लास्टिकमध्ये मढवलेला कागद काढला. कंपनीची नोटीस होती. 'सदर कर्मचारी चार दिवस विनापरवानगी गैरहजर असल्याचे त्याच्या लेखी जबाबावरून दिसून येते. पेन्शन का रोखू नये याचा खुलासा करावा.'

"बघ," ते म्हणाले. "आता शिक्क्यासकट आलं. मेहुणीला दाखवलं. गप्प बसली."

"आणि पेन्शन?"

"बघू. तुझं वाच."

मी वाचलं. "दुरुस्ती. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली अनुकूल सांतरा चार दिवस रजेवर होते. ते पत्नी मालती यांच्यासोबत समुद्र पाहायला पुरीला गेले होते."

"परत वाच."

परत वाचलं.

"किती लोकांनी बघितलं?"

"दोनशे सहा."

"एवढे?" त्यांनी जरा विचार केला. "ती काय म्हणाली ते नाही टाकलंस."

"काय म्हणाल्या?"

"पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा घोट्यापर्यंत पाण्यात गेली. मग म्हणाली, अहो, एवढं पाणी, आणि पलीकडे घाटच नाही. मग ही माणसं उतरतात कुठे?"

मी तिथेच उभा राहून फोनवरून ते दुरुस्तीत टाकलं. ऋताजादींचा फोन येत होता, तो वाजू दिला.

लाँच आली. दोर हवेतून वळसे घेत आला, अनुकूलदांनी झेलला, खुंटाला एक वेढा दिला. उतरणाऱ्या गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "ओ दादा, एकतीस वर्षं! एकही रजा नाही! वाह!"

लाँच अजून ओढ घेत होती. अनुकूलदांनी दोराचं टोक गुडघ्याखाली दाबून धरलं, उजवा हात मोकळा केला, आणि त्या माणसाला नीट दिसतील अशी चार बोटं वर धरली.