बाटलीतला बुडबुडा

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे 'काबाई' म्हणत, कारण 'का?' विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. पाण्याचे नमुने आणणाऱ्या काकांची बाटली तिने पुन्हा परत केली तेव्हा काकांनी डाव साधला.

"एवढासा तर बुडबुडा! का चालत नाही, सांगा बरं."

बाटली काठोकाठ भरायची, आत हवा राहू द्यायची नाही, हा नियम काबाई इतकी वर्षं दुसऱ्यांच्या माथी मारत आली होती. कारण मात्र कधी विचारलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

मग तिला चैन पडेना. पुस्तकं उघडली. क्लोरीन जंतू मारतं, ते हवंच. पण नदीतल्या कुजक्या पाल्याशी त्याची गाठ पडली की नवीच संयुगं तयार होतात, आणि या बाटलीत तीच मोजायची असतात. वर्षानुवर्षं शरीरात जास्त गेली तर कर्करोगाचा धोका वाढू शकतो. गर्भाबद्दलही शंका आहे, खात्री नाही.

"ती उडून जाणारी असतात हो काका! जरा हवा मिळाली की पाण्यातून तिच्यात शिरतात, मग मोजमाप कमी भरतं."

"आणि पाणी गरम असेल तर?"

"मग काय, पळतच सुटतात," ती म्हणाली आणि तशीच घराकडे धावत सुटली.

घरी वहिनीला सातवा महिना होता. पहिलं बाळ पोटातच गेलं, म्हणून या खेपेला काबाईने प्यायच्या पाण्याला चांगली गाळणी बसवली होती. आणि वारा लागू नये म्हणून न्हाणीघराच्या खिडकीला चिकटपट्टीही तिनेच मारली होती. आत वहिनी कढत पाण्याने कंबर शेकत बसायची.

घरी पोचताच तिने न्हाणीघराचं दार ठोठावलं, आत घुसली, पट्टी टराटरा ओढली आणि खिडकीचं एक दार उघडलं.

"अहो वन्सं, तुम्हीच तर लावलीत!"

"तेव्हा अक्कल गहाण टाकली होती."

कढत पाण्यातून उडालेली ती संयुगं बंद न्हाणीघरात कोंडतात आणि श्वासावाटे आत जातात, हे सगळं तिने सांगितलं. वहिनीचा हात पोटावर गेला.

"बाळाला काही झालं असेल का?"

'नाही' हा शब्द काबाईच्या ओठांवर आला होता.

"बहुतेक नाही. पण खरं सांगू? नक्की मलाही माहीत नाही. कुणालाच नाही."

वहिनी म्हणाली, "तुमचा तो नियम बाटलीपुरताच ठेवा. आम्हा दोघांना हवा लागते."

ती कुडकुडत होती, तरी खिडकीचं दुसरं दार तिने स्वतःच उघडलं.