जिवंताला एकच नमस्कार

नवं वर्ष आठवड्यावर आलं तसा सोक-ग्यू रोज सफरचंदांच्या कोठीत जाऊन आतून कडी लावून घेऊ लागला. आत तो रिकाम्या पेट्यांना नमस्कार घालत असे. आधी डावा गुडघा टेकायचा, मग उजवा, हातावर हात आणि हातांवर कपाळ. इथवर सगळं झकास. उठताना मात्र उजवा गुडघा अर्ध्या वाटेत अडायचा, जात्यात वाळू भरडावी तसा करकरायचा, आणि सोक-ग्यूला पेटीचा काठ धरावा लागायचा. बहात्तर वर्षांपैकी पन्नास वर्षं त्यानं शिड्या चढून सफरचंदं उतरवली होती. गुडघे आता त्याचं उट्टं काढत होते.

एके दिवशी कडी लावायची राहिली आणि बायको, मल-सुन, आत आली.

"अहो, पेट्यांना कसले नमस्कार घालताय? देव आलाय का त्यांच्यात?"

"सराव करतोय. तू जा."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय? जमिनीवर बसायचं नाही. उभ्यानंच नमस्कार करा की आईंना! त्या काय घराबाहेर काढणारेत तुम्हाला?"

"ती जमिनीवर बसते, आणि मी समोर खांबासारखा उभा राहू?"

"हट्टी मेले दोघंही," असं पुटपुटत मल-सुन निघून गेली.

हट्ट होता खरा, पण त्याच्या मुळाशी भीती होती. आई पंच्याण्णव वर्षांची. आपण उभ्यानं नमस्कार केला, की मुलगा म्हातारा झाला हे तिला कळणार. आणि ज्या बाईचा मुलगाच म्हातारा झाला, ती स्वतःचे दिवस मोजायला लागणार. असं त्याच्या मनानं घेतलं होतं, आणि एकदा त्याच्या मनानं घेतलं की ब्रह्मदेव आला तरी उपयोग नसे.

सणाच्या सकाळी आधी पूर्वजांची पूजा झाली. मेलेल्यांना दोन नमस्कार, जिवंताला एक. हा नियम त्या गावातलं शेंबडं पोरही चुकत नाही, कारण जिवंत माणसाला दोनदा नमस्कार घालणं म्हणजे त्याला तोंडावर कैलासवासी म्हणणं. सोक-ग्यूनं आजोबा-पणजोबांना मोजून दोन-दोन घातले. दर वेळी पूजेच्या मेजाचा पाय धरून उठला.

"सगळा गुडघा मेलेल्यांवर उधळलात," मल-सुन कानात म्हणाली. "जिवंत माणसासाठी काही शिल्लक ठेवलाय का?"

आई आतल्या खोलीत गादीवर ताठ बसली होती, इस्त्री केलेल्या हानबोकमध्ये, सणाच्या कोरियन पोशाखात, मूठभर. सोक-ग्यूचा मुलगा ह्योन-जे, सून, नातवंडं भिंतीला लागून उभी राहिली. इथे धरायला मेज नव्हतं. सोक-ग्यू खाली गेला, कपाळ टेकलं, नमस्कार उत्तम झाला. मग तो उठू लागला.

अर्ध्यावर गुडघ्यात कट्ट झालं. पाय गेला, तो पुढे कोसळला: दोन्ही गुडघे, दोन्ही हात आणि वर कपाळ. ठरवून घातला असता तरी इतका नमुनेदार दुसरा नमस्कार त्याला जमला नसता.

सोक-ग्यूनं कपाळ उचललंच नाही. वर्षाच्या पहिल्याच दिवशी, सगळ्या घरासमोर, त्यानं आपल्या आईला मारून टाकलं होतं. त्याला रडू आवरेना.

"दोन झाले का रे?" वरून आईचा आवाज आला.

"आई, तो गुडघा..."

"ऐकला. दहा वर्षं झाली, मला तुझं बोलणं धड ऐकू येत नाही, पण गुडघा आला ऐकू. देवळात बुद्धाला किती घालतात?"

"तीन."

"मग घाल की तिसरा. मला दोनावर सोडून जाऊ नकोस. मेलेली राहण्यापेक्षा बुद्ध झालेली काय वाईट?"

आधी ह्योन-जे हसला, मग सगळेच फुटले. सोक-ग्यूनं खालच्या खालीच कपाळ उचललं आणि पुन्हा टेकवलं. बुद्धानं चालवून घेतलं असावं.

"झालं. ऊठ आता."

"उठता येत नाहीये, आई."

हे वाक्य तो वर्षभर गिळत आला होता. ते तोंडातून गेल्यावर त्याला आईकडे बघायचा धीर होईना. तिनंच वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मला तरी कुठे येतंय? तुझ्या बायकोनं आणि सुनेनं पहाटे उचलून आणून ठेवलंय मला इथे. दोन्ही गुडघ्यांचा कधीच भुगा झालाय. सण उरकेपर्यंत दात आवळून बसते."

"मग पलंगावर का नाही बसत?"

"मी वर बसले असते तर तुला कळलं असतं, आई म्हातारी झाली. तू आधीच हळवा."

सोक-ग्यूनं मान वळवून मल-सुनकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"दोघांचंही माहीत होतं. दोघांनीही मला शपथ घातली होती. मी काय करणार, कपाळ?"

आईनं शेजारची जागा थोपटली. सोक-ग्यू रांगत जाऊन तिच्या बाजूला टेकला. तिनं त्याचा गुडघा मांडीवर ओढून घेतला आणि बोटांनी चेपू लागली. तो लहान मुलासारखा रडत होता आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. पोरांनी दोघांना मिळून नमस्कार घातला, नीट, एकच.

नंतर ह्योन-जे आणि सून त्यांना उचलायला पुढे आले.

"आधी तिला," सोक-ग्यू म्हणाला.

"आधी त्याला उचला," आई म्हणाली. "लहान आहे तो."