जिथं आपलं कोणी नाही

“हॉटेलमा सयपाकनी खोली नही ना ऱ्हास?” प्रमिलाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही मम्मी,” गायत्री म्हणाली. “एक रूम, एक बाथरूम, बस. चहा पण फोन करून खालून मागवायचा.”

“आनी कपबशा?”

“त्या पण तेच घेऊन जातात.”

प्रमिलाबाईंनी सुनेच्या हातातला मोबाइल डोळ्यांजवळ धरला. पांढरी चादर, दोन उशा, खिडकीला निळा पडदा. ओटा, गॅस, शेगडी यांपैकी काही कुठं दडून बसलंय का, हे त्यांनी फोटोच्या कोपऱ्याकोपऱ्यात शोधलं. काहीच सापडलं नाही, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्या लेकाकडे वळल्या. “कर मंग बुक.”

चेतननं बुक केलं. मुंबई दोन दिवस, चेन्नई दोन दिवस, जाण्यायेण्याच्या गाड्या वेगळ्या. लोटू पाटील कोपऱ्यात बसून हे सगळं कौतुकानं बघत होते. पस्तीस वर्षं त्यांनी सुरतेत लूमच्या खात्यात मास्तरकी केली होती, म्हणजे बंद पडलेला सांचा, लूमचं यंत्र, चालू करून द्यायचा, दिवसाला चाळीस-पन्नास वेळा. गेल्या महिन्यात साठी झाली आणि शेठनं नारळ दिला. लेकानं विचारलं, आता तुम्हा दोघांना काय पाहिजे? लोटूंना काही सुचलं नाही. प्रमिलाबाईंना मात्र लगेच सुचलं. इतकं लगेच, की लग्नापासूनची एकतीस वर्षं त्या प्रश्नाची वाट बघत बसल्या असाव्यात अशी गायत्रीला शंका आली.

“समुंदर दखना शे,” त्या म्हणाल्या, “आनी चार दिवस रांधानं नही.”

आता मुंबई काय सुरतेहून लांब आहे? प्रमिलाबाई सहा वेळा मुंबईला जाऊन आल्या होत्या. नणंद रंजना भांडुपला राहते. तिच्या थोरल्याचं बारसं, धाकटीचं बारसं, जावळ, नव्या खोलीची पूजा, थोरल्याचा साखरपुडा, लग्न. सहाही वेळा त्यांनी मुंबईत जे पाहिलं ते एवढंच: रंजनाचा ओटा, ओट्यावरची खिडकी आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी.

याला कारण त्यांचे हात. खापरावरचे मांडे प्रमिलाबाईंसारखे त्यांच्या वस्तीत, सुरतेच्या गोडादऱ्यात, कुणाला जमत नाहीत, आणि गोडादऱ्यात निम्मा खानदेश राहतो. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत त्या परातीएवढा करतात आणि पालथ्या खापरावर अलगद सोडतात. फाटेल असं वाटतं, पण फाटत नाही. अंगात गुण असला की तो अंगाशी येतोच. ज्या घरी त्या पाहुण्या म्हणून गेल्या, त्या घरच्यांनी आधी पाणी दिलं आणि मग खापर काढलं. दिवाळीत सांचे बंद झाले की सगळी वस्ती गाड्या भरभरून गावाला जाते. प्रमिलाबाईही जायच्या, आणि लाभपंचमीला परत यायच्या त्या बोटांची टोकं भाजून. ‘सुट्टी’ या शब्दाचा अर्थ त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या चुलीपुढं बसणं असाच होता.

म्हणून चेन्नई. गायत्रीनं मोबाइलवर समुद्रकाठची मोठी मोठी शहरं दाखवली तेव्हा प्रमिलाबाईंनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला होता. “तठे आपलं कोन शे?” विशाखापट्टणमला जाऊबाईंचा भाचा नेव्हीत निघाला. गोव्याला लोटूंच्या मावसभावानं दोन वर्षांपूर्वी रसवंती टाकली होती. कोचीला, कोण जाणे कसं, पण शिरपूरचं एक कुटुंब होतंच. चेन्नईला कोणी नव्हतं. चेन्नईत काय बघण्यासारखं आहे हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण लोटूंच्या तोंडात तीळ भिजत नाही. पस्तीस वर्षं सांच्यांच्या खडखडाटात बोलून त्यांचा आवाज मुळातच असा झाला होता की त्यांची कुजबुज चौथ्या घरात ऐकू जावी. सकाळी पर्वत पाटियाच्या नाक्यावरच्या टपरीवर त्यांनी चहा घेतला, आणि दुपारपर्यंत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘लोटूआप्पा चेन्नईला’ अशी बातमी फुलांच्या गुच्छासकट झळकली.

संध्याकाळी गावाहून रघुनाथचा फोन. रघुनाथ म्हणजे लोटूंचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचा मुलगा योगराज सात महिन्यांपासून चेन्नईतच मोटारीच्या कारखान्यात होता!

“हॉटेलला कशाले पैसा घालतस? पोऱ्यानी रूम शे!” रघुनाथ तिकडून ओरडला. पाठोपाठ योगराजचा फोन आला. “काकू, या ना तुम्ही. आम्ही चौघं जण आहोत रूमवर, सगळे आपल्याच भागातले. कळण्याची भाकरी बघून सात महिने झाले, काकू. येताना पीठ घेऊन या फक्त. आणि खापर इथं मिळत नाही.”

प्रमिलाबाईंच्या डोळ्यांपुढं चेन्नई उभी राहिली. समुद्र वगैरे नाही. चार तरणीताठी पोरं, एक गॅस, आणि परात.

त्यापेक्षा वाईट म्हणजे भांडुपहून फोन आलाच नाही. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. रोज सकाळी भावाला फुलांचे फोटो धाडणारी रंजना गप्प बसली होती. ती रागावली तर बोलत नाही हे लोटूंना लहानपणापासून ठाऊक. चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी ताटाकडे बघतच विषय काढला.

“मी काय म्हनस, मुंबईनं ते बुकिंग रद्द करी टाकूत. बहीननं घर सोडीसन लॉजवर उतरानं? लोके तोंडमा शेन घालतीन. आनी तठे चेन्नईले रघुनाथना पोऱ्या शेच.”

प्रमिलाबाई पोळी लाटत होत्या. त्यांनी ती लाटून पुरी केली, तव्यावर टाकली, भाजली, लोटूंच्या ताटात वाढली. मग गॅस बंद केला.

“मंग तुम्हीन जा,” त्या म्हणाल्या. “मी नही येस.”

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर लोटूंना परवडलं असतं. आरडाओरडा त्यांना सवयीचा होता. एकतीस वर्षांत बायकोनं ‘नाही’ असा शब्द एवढ्या थंडपणे उच्चारलेला त्यांना आठवेना. चेतन मोबाइल खिशात घालून बाहेर गेला. गायत्री सासूजवळ येऊन उभी राहिली. प्रमिलाबाईंना रडू येत होतं आणि रडण्यासारखं काय झालंय हे कुणाला पटवून देता येत नव्हतं. नणंदेच्या घरी राहायला नको म्हणणारी बाई वाईटच ठरते. तिथं कुणी त्यांना छळत नव्हतं की टोचून बोलत नव्हतं. उलट कौतुकच करायचे. त्या कौतुकाचाच तर त्यांना धसका बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मजुरीवर आणलेल्या साड्यांना टिकल्या लावत बसल्या होत्या, तोच फोन वाजला. रंजना.

“काब्र वं वहिनी,” रंजनानं नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, “आम्ही मरी गऊत का?”

खानदेशात या प्रश्नाला एकच उत्तर असतं: ‘तसं नाही हो ताई, आम्ही तुमच्याकडेच येतोय.’ ते उत्तर प्रमिलाबाईंच्या ओठांवर आलंही. पण हातात सुई होती, समोर अजून अकरा साड्या होत्या, आणि ताकाला जाऊन भांडं लपवायचा त्यांना त्या क्षणी मनापासून कंटाळा आला.

“रंजनाताई, राग मानू नका,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे सहा खेपा आले. समुद्र एकदाही नाही पाहिला. मी आले की मांडे, मी आले की पुरण. तुमची काही चूक नाही. पण मला एकदा अशा घरात जायचंय जिथं ओटाच नाही. रिकाम्या हातांनी बसायचंय. बस, एवढंच. आता काय बोलायचं ते बोला.”

फोन कट झाला की काय म्हणून प्रमिलाबाईंनी तो कानापासून दूर धरून बघितला. सेकंद पळत होते.

“वहिनी,” रंजना शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम वेगळा होता. “तुम्हीन येतस ना, तव्हय मी गॅसजोडे झोपस. खोली केवढी, तू पाहिली ना? पाच गाद्या शेजारून मागून आणते. ह्यांना ड्यूटीवरून आलं की पाय पसरायला जागा नसते, ते जिन्यात बसतात. मागच्या खेपेला तर गॅसच संपला मांडे करता करता, आठवतं का? दादा हॉटेलात उतरणार हे ऐकलं, आणि वहिनी, खरं सांगू, माले इतकं बरं वाटनं, इतकं बरं वाटनं, का मनीच माले लाज वाटनी. म्हणून चार दिवस फोन नाही केला. आज म्हटलं, रागवायला तर पाहिजे. बहीण आहे मी.”

प्रमिलाबाई हसायला लागल्या. आधी हळू, मग सुई गादीत खोचून मोकळ्यानं. तिकडे रंजनाही हसत होती. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. पण या दोघी एकाच चुलीच्या दोन बाजूंना बसून एकतीस वर्षं धूर गिळत होत्या आणि एकीनंही दुसरीला सांगितलं नव्हतं.

“मी येईन भेटायला,” रंजना म्हणाली. “हॉटेलात. पाहुणी म्हणून. डबा-बिबा काही आणणार नाही, आधीच सांगते.”

“बिलकुल आणू नका,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्याच धिटाईत त्यांनी योगराजलाही फोन लावला. बाबा रे, आम्ही हॉटेलातच उतरू, तू संध्याकाळी ये, तुला पोटभर जेवायला घालीन, पण बाहेर. मी काही रांधणार नाही. योगराज जरा चाचरला आणि मग म्हणाला, “काकू, पप्पांना सांगू नका, पण आमच्या रूमला दरवाजाची कडीच नाही. तुम्ही येणार म्हणून कालपासून साफसफाई करतोय आम्ही.” प्रमिलाबाईंनी त्याला साफसफाई थांबवायला सांगितली.

लोटूंना हे सगळं रात्री कळलं. “रंजी खरंच रागावेल नही?” त्यांनी दोनदा विचारलं. “नही,” म्हटल्यावर त्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि मग चेतनला हॉटेलात टीव्ही आहे का ते बघायला लावलं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या गाड्या तापीकाठानं गावाकडे निघाल्या, आणि पाटील नवराबायको सकाळच्या गाडीनं मुंबईकडे. त्या संध्याकाळी प्रमिलाबाईंनी चौपाटीच्या वाळूत बसून समुद्र बघितला. लोटू चारदा म्हणाले चल आता, त्या चारदा म्हणाल्या बसा हो. पाणी येत होतं, जात होतं, आणि कुणाला काही वाढायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रंजना आली. नवी साडी, हातात फक्त पर्स. लोटू खाली पेपर आणायला गेले होते. प्रमिलाबाईंनी फोन उचलून घसा खाकरला आणि “दोन चहा” असं सांगितलं. सांगताना त्यांचे कान लाल झाले. चहा आला. दोघी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या, चहा प्याल्या. संपल्याबरोबर प्रमिलाबाई सवयीनं कप घेऊन बाथरूमकडे निघाल्या, तेव्हा रंजनानं त्यांचं मनगट धरलं.

“बस वं वहिनी.”

त्या बसल्या. मग दोघींनाही काय करावं सुचेना. एकमेकींसमोर असं नुसतं बसायची त्यांची पहिलीच वेळ होती. नेहमी मध्ये परात असायची, बोलणं व्हायचं ते मीठ किती, पुरण सैल झालं का, याबद्दल. पडदा जरा हलला. रंजना बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिली.

“माय गई तव्हय,” ती अचानक म्हणाली, “तू माले जवळ नही लिधं.”

प्रमिलाबाईंना क्षणभर कळलंच नाही. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. तेराव्याला दोनशे माणूस जेवलं होतं आणि दोघी पहाटे तीनपासून खापरापुढं होत्या. रंजना मध्येच एकदा उठून त्यांच्याजवळ आली होती, उभी राहिली होती, आणि काहीच न बोलता परत जाऊन बसली होती. ते त्यांना आत्ता आठवलं.

“मना हात पीठना व्हतात,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

रंजनाचा चेहरा वाकडातिकडा झाला. पन्नाशीची बाई लहान पोरीसारखी हुंदके देऊ लागली. प्रमिलाबाई पलंगावरून सरकत तिच्याजवळ गेल्या आणि दोन्ही हातांनी तिला छातीशी धरलं. किती तरी वेळ तसंच. पाठीवरून हात फिरवताना त्यांनाही सासूबाई आठवल्या, आणि त्याही रडल्या, घाई न करता.

दार वाजलं. “चला, चला,” बाहेरून लोटूंचा दणदणीत आवाज आला, “गेटवेनी लाँच सुटी जाई! काय करी राह्यनात?”

“थांबा जरा,” प्रमिलाबाईंनी आतूनच सांगितलं. “आम्ही बसेल शेत.”

बाहेर जिन्यातली खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि लोटू पेपर उघडून बसले.