लाखोरीसमोर अडलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, पण साधीसुधी नाही. मी बिनड्रायव्हरची चालायचे! आता आमगावच्या एका टिनाच्या शेडमध्ये उभी आहे आणि मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवते.

मला घडवलं गुंजन मॅडमनी. चारी बाजूंना कॅमेरे दिले आणि स्वभाव दिला अगदी सालस. तोच नडला. पहिल्याच दिवशी गोंदियाच्या चौकात सगळ्यांना 'आधी तुम्ही' म्हणत मी पाऊण तास उभी! माझ्यावर लक्ष ठेवायला बसलेले योगराजभाऊ आधी काळीपिवळी चालवायचे. ते वैतागले, "मॅडम, हे गाडी हाये का नवी नवरी? जरासं नाक घुसव म्हना ना तिले!" मग त्यांनीच मला नाक घुसवायला शिकवलं. काय दिवस होते ते!

दिवाळीनंतर आमगाव रोडवर, तिथल्याच शेतकरी सुलोचनाबाईंनी धान वाळत घातलं होतं. मला तो रस्ताच वाटला. गेले की वरून! बाई धावत आल्या, "डोये फुटले का व तुये?" मॅडमनी माफी मागितली आणि माझ्या डोक्यात पक्कं भरलं, पसरलेल्या पिकाला चाक लावायचं नाही.

होळीच्या आधी शेवटची परीक्षा आली. पुण्याहून आलेले कंपनीचे साहेब मागे बसले. गोंदिया ते आमगाव जायचं. वाटेत योगराजभाऊंचा हात स्टिअरिंगला लागला, तर काम कायमचं बंद.

अर्धी वाट झकास गेली. मग समोर रस्ताभर लाखोरी, म्हणजे लाखेच्या डाळीचं पीक, शेंगांसकट! मी गपकन थांबले. मागे एसटी, ट्रॅक्टर आणि वरातीचा बँड.

शेतातून सुलोचनाबाई आल्या. "आता काऊन थांबून राह्यली व?"

"मावशी, तुमचं पीक..." मॅडम म्हणाल्या.

"तुडवासाठीच त टाकली! गाड्या वरून गेल्या का दाने निंगतेत. धान वाळवाले, लाखोरी तुडवाले. येवढंबी नाई समजत इले?"

नव्हतं समजत, मित्रांनो. योगराजभाऊ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. बँडवाल्यांनी तिथेच वाजवायला सुरुवात केली. शेवटी बाईंनी पदर खोचला, चार बायांना हाक मारली आणि सगळी लाखोरी बाजूला ओढली. मी ऐटीत निघाले.

आमगावला साहेब खुश झाले. "हात लागला नाही. गाडी पास!"

मॅडम म्हणाल्या, "नाही सर. पास मावशी झाल्या. गाडीला अजून एक वर्ष द्या."

साहेबांनी वर्ष दिलं नाही; गाडी तयार नसेल, तर काम इथेच बंद, म्हणाले. जाण्याआधी मॅडमनी माझ्याजवळ बसून धान आणि लाखोरीतला फरक मला शिकवला. माझी काच पुसली आणि गेल्या.

म्हणून सांगते, मित्रांनो, मोठे होऊन माझ्यासारखं काही बनवाल, तर आधी रस्त्याकडेला बसून तिथल्या माणसांना विचारा. आणि बनवलं, की ते शिकेपर्यंत तरी त्याला सोडू नका. आता मला कळतं, कुठल्या पिकाला वळसा घालायचा आणि कुठल्यावरून बिनधास्त जायचं. फक्त मला चालू करायला कुणी येत नाही.