एका धक्क्याचं भाषांतर

लहानूचं रक्त फरशीवरून धुतलं तरी रुळाच्या खाचेत राहिलं होतं. सेम्योनोव्ह तिकडेच बघत उभा होता. बाहेर आवारात माणसं लोखंडी सळया आपटत होती.

१९७९ साल. सातपूरच्या पुढच्या एका कारखान्यात मी रशियन तंत्रज्ञांचा दुभाषी होतो. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालो आणि रशियन क्रियापदांच्या नादी लागलो. 'ताल्कनूल' म्हणजे ढकललं. त्यातला 'नू' हा प्रत्यय सांगतो, एकदाच, एका झटक्यात. सुरुवातीला 'व' जोडला तर आत ढकललं. 'अत' जोडला तर आपल्यापासून दूर. बलाची दिशा क्रियापदातच असते, याचं मला फार अप्रूप होतं.

आदल्या दुपारी क्रेनच्या हुकातून ओतीव ठोकळा निसटला आणि एका साखळीवर झोका घेत खाली काम करणाऱ्या लहानूकडे आला. सेम्योनोव्हने त्याला ढकललं. लहानूचं डोकं रुळावर आपटून फुटलं. पाहणारं तिसरं कोणी नव्हतं. त्याच सकाळी मात्र सेम्योनोव्ह लहानूवर खेकसल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत बातमी झाली, रशियनाने डोकं आपटून मारला.

लहानूचा थोरला भाऊ देवराम सुरगाण्याहून जीप भरून माणसं घेऊन आला होता. त्याचं एकच मागणं होतं, "ज्यानं ढकलला त्यानं माझ्यासमोर येऊन सांगावं. कसा मेला ते मला कळाया पायजे."

"जा जयराम," पुंजा फोरमन मला म्हणाला. "रशियन तू, मराठी तू. मार खायची वेळ आली तर तोही तूच खा."

मी आणि सेम्योनोव्ह बाहेर गेलो. दुभाष्याने 'तो म्हणतो' असं म्हणायचं नसतं. बोलणाऱ्याचा 'मी' तोच आपला 'मी'. इतकी वर्षं मी असंच बोलत आलो होतो. देवरामने दुभाषी कधी पाहिला नव्हता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सेम्योनोव्ह हळू आवाजात बोलला. मी मोठ्याने म्हणालो, "मी त्याला बाजूला ढकललं. मी ढकललं म्हणून तो पडला."

मराठी ज्या तोंडातून आलं त्या तोंडाकडे देवरामने पाहिलं.

"तू व्हय रे?"

पहिला घाव माझ्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, मग कळलं. सळई पुन्हा वर गेली, सरळ डोक्यासाठी. तेवढ्यात छातीवर दोन पंजे आदळले आणि मी मागे फेकला गेलो. पाण्याच्या हौदाच्या काठावर माझा कान फाटला. सळई सेम्योनोव्हच्या मनगटावर पडली. तो गुडघ्यावर आला, पण दुसरा हात त्याने माझ्याकडेच धरून ठेवला होता, पुढे येऊ नको म्हणून.

"थांबा रं!" मागून कोणीतरी ओरडलं. "ढकलनारा नाय त्यो! गोऱ्याचं बोलनं सांगतो त्यो!"

देवराम धापा टाकत होता. मी उभा होतो ती जागा त्याने पाहिली. मी पडलो ती पाहिली. मग सेम्योनोव्हचं लोंबणारं मनगट.

"असंच?" त्याने विचारलं.

मी रशियनमध्ये विचारलं. सेम्योनोव्हने होकारार्थी मान हलवली. "अत्ताल्कनूल."

"क्रेनवरून अंगावर येणाऱ्या ठोकळ्यापासून दूर ढकललं," मी म्हणालो. तोंडात रक्त आलं होतं.

"लय येळ वरडत व्हता का?"

मी तेही विचारलं. उत्तर एका शब्दात आलं. 'व्स्क्रीक्नूल'. त्यातही तोच 'नू'.

"ते म्हणताहेत," मी आयुष्यात पहिल्यांदाच असं बोललो, "एकदाच ओरडला. तेवढंच."

"घरी आमच्या आयेला हेच सांगंन," देवराम म्हणाला.

त्याच्या माणसांनी लहानूला जीपमध्ये ठेवलं. देवराम मागून चालत गेला. सळई सोडायचं त्याला सुचलं नाही. फाटकापर्यंत तिचं टोक जमिनीवर ओरखडत गेलं.