थंडोबाचे अपुरे राहिलेले मोजमाप

मित्रांनो, मी एक जुना किरणमापक आहे. खाली थर्माससारखा मोठा हंडा, त्यातून वर आलेली मान आणि मानेच्या टोकाला धातूची टोपी. त्या टोपीत जर्मेनियमचा छोटासा खडा आहे. तोच माझा जीव. डोळ्यांना न दिसणारा किरण त्या खड्यावर आदळला, की मी तारेतून एक ठोका पाठवतो. मला एवढेच येते. मला बोलता येत नाही, हलता येत नाही.

माझी एक खोड मात्र वाईट. मला सतत गारठलेले राहावे लागते, त्यासाठी हंड्यात द्रव नायट्रोजन ओतत राहावा लागतो. माझ्यामागून आलेले मापक गरम झाले तरी पुन्हा गार होऊन कामाला लागतात. मी एकदा जरी कोमट झालो, तर कायमचा निकामी.

मला तळघरातल्या प्रयोगशाळेत आणले तेव्हा बाईंचे केस काळेभोर होते. त्या अणुगर्भाच्या अभ्यासक. खोलीची खिडकी इतकी उंच, की तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांच्या चपलाच दिसत. बाहेरचे किरण अडवायला बाईंनी माझ्याभोवती शिशाच्या विटा स्वतः रचल्या. सुट्टीच्या दिवशीही त्या नायट्रोजन ओतायला येत. एकदा त्यांची धाकटी बहीण डबा घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, घरी आम्ही शिळं खाल्लं तरी चालतं, आणि या थंडोबाला मात्र सगळं ताजं!"

"अगं, तो एकदा रुसला की पुन्हा बोलत नाही. तू निदान तासाभराने बोलतेस."

तेव्हापासून माझे नाव थंडोबा पडले.

रुग्णालयात आजार शोधण्यासाठी एक किरणोत्सारी औषध देतात. त्याचे प्रमाण ठरवायला त्याचा किरणोत्सार निम्मा होण्यास किती वेळ लागतो, हे माहीत असावे लागते. तो वेळ बाईंनी माझ्याकडून मोजून घेतला. त्यांचा लेख एका लहानशा नियतकालिकात आला. तिथून आकडा असे सगळे आकडे एकत्र छापणाऱ्या मोठ्या तक्त्यात गेला आणि तक्त्यातून जगभर. बाई खूश होत्या. पण लोक आपल्या लेखांत उल्लेख करायचे तो तक्त्याचा. बाईंचा लेख कोणी उघडतच नसे.

वर्षे गेली. बाईंना स्वतःच्याच आकड्याची शंका येऊ लागली. तेव्हाच्या नमुन्यात दुसऱ्या पदार्थाची किंचित भेसळ असावी, असे त्यांना वाटे. खटपट करून त्यांनी शुद्ध नमुना मिळवला आणि आम्ही पुन्हा मोजायला बसलो. हे काम काही आठवडे अखंड चालावे लागते.

ते निम्म्यावर आले असताना विभागप्रमुख खाली आले. ते बाईंचेच जुने विद्यार्थी. शिशाच्या विटांकडे पाहत राहिले, बाईंकडे नाही.

"बाई, खोल्या वाटणाऱ्या समितीने सगळ्यांच्या लेखांचे इतरांनी केलेले उल्लेख मोजले. तुमचे फारच कमी निघाले. ही खोली नव्या गटाला द्यायचं ठरलंय. नायट्रोजनही बंद होईल."

"माझा आकडा तू स्वतः वापरतोस ना रे?"

"रोज वापरतो. पण उल्लेख तक्त्याचाच करावा लागतो, बाई. तशी पद्धतच आहे."

"बरं. एवढं मोजून होईपर्यंत तरी थांबा. आकडा चुकला असेल तर?"

"मी समितीला तेही सांगितलं. ते म्हणाले, जुनाच आकडा पुन्हा मोजला, तर त्याचा उल्लेख कोण करणार?" त्यांचा आवाज खाली गेला. "माझ्या हातात काही नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडावेसे वाटले. या आकड्याच्या भरवशावर किती माणसे औषध घेतात, ते सांगावेसे वाटले. मी काय करणार? किरण येत होते, तेवढे ठोके पाठवत राहिलो.

हंड्यात उरलेला नायट्रोजन वाफ होऊन निघून गेला. बाईंनी कुठून कुठून थोडा मागून आणला, तोही पुरला नाही. रोज आलेखावर एक ठिपका वाढत होता आणि रोज माझा गारठा थोडा कमी होत होता. शेवटी किरण नसतानाही माझ्यातून ठोके जाऊ लागले. सगळे खोटे. आयुष्यभर मी असे कधी केले नव्हते, पण ते मला आवरेनात.

बाईंनी ठोके दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिले आणि त्यांना कळले. टोपीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "पुरे आता, थंडोबा." मग त्यांनी बटण बंद केले.

आता मी जिन्याखाली आहे. तक्त्यात तोच आकडा अजून छापला जातो. तो बरोबर असेल किंवा नसेलही. मला ठाऊक नाही, बाईंनाही नाही.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही कुठल्यातरी तक्त्यातला आकडा उचलाल. तो कोणी मोजला ते शोधा. ते माणूस हयात असेल तर त्याच्या दारी जा, आणि नमस्कार करण्याआधी एवढेच विचारा, "तुमचं मोजून झालंय ना?"