ऐकण्याचा गृहपाठ

हेरंब पेंडसे यांनी हात वर केला आणि परवानगीची वाट न बघता सरळ फळ्याशी जाऊन 'पश्चाताप' या शब्दात आणखी एक त घातला.

"आता बरोबर," ते म्हणाले आणि हात झटकून जागेवर येऊन बसले.

दादरच्या एका चर्चच्या सभागृहात ख्रिस्ती अध्यात्माचा तीन महिन्यांचा वर्ग चालू होता. पेंडसे ख्रिस्ती नव्हते. गिरगावातल्या छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली, त्यांत उपासनेची पुस्तकंही होती. पश्चात्तापातले दोन त त्यांनी हजारदा बघितले होते. आत काय असतं ते बघायचं राहून गेलं, म्हणून निवृत्तीनंतर नाव घातलं.

वर्ग घेणाऱ्या सिस्टर रोझलिन वसईच्या. त्यांनी खडू खाली ठेवला.

"काका, तुमचा शेवटचा गृहपाठ. सात दिवस, रोज अर्धा तास, एका माणसाचं ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, चूक काढायची नाही. संध्याकाळी देवापुढे बसून आठवायचं, आपण कुठे ऐकलं आणि कुठे नुसते गप्प बसलो."

"किती पानं लिहायची?"

"लिहायचं नाही. येऊन सांगायचं. ऐकता ऐकता मन पालटतं."

पेंडशांना हे जरा ढिसाळच वाटलं. तरी त्यांनी पत्नीला, मालनताईंना निवडलं; त्या घरातच होत्या.

पहिल्या दिवशी मालनताई शेजारच्या सुभद्राबाईंच्या गुडघ्यावर बोलल्या. ऑपरेशन मंगळवारी झालं म्हणाल्या. ते बुधवारी झालं होतं. पेंडशांनी बशीची कड घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी मालनताईंनी मुलीला फोन केला.

"रुचा, बाबा काल अर्धा तास गप्प होते गं. तोंड वाकडं दिसत नाहीये, पण डॉक्टरांना दाखवूया का?"

गृहपाठाचं कळल्यावर त्या खूप हसल्या. मग चारच्या चहाला रोज तयारीनिशी येऊन बसू लागल्या.

पाचव्या दिवशी म्हणाल्या, "लग्नाला वर्ष झालं तेव्हा मला आकाशवाणीचं पत्र आलं होतं. निवेदिकेच्या मुलाखतीचं. येते म्हणून मी उत्तर लिहिलं आणि तुम्हाला वाचायला दिलं. आठवतं?"

पेंडशांना आठवत नव्हतं.

"तुम्ही लाल शाईने अकरा चुका काढल्यात. अगदी प्रेमाने हं. मला वाटलं, एका पानात अकरा, तर माईकपुढे काय होईल? टाकलंच नाही ते पत्र."

मी मदतच करत होतो, तू तेव्हाच सांगायचंस, सगळं पेंडशांच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. अर्ध्या तासातली सतरा मिनिटं उरली होती. त्यांनी तोंड मिटलं.

मालनताईंनी पदर सावरला आणि तेव्हा पाठ केलेलं निवेदन म्हणून दाखवलं. आवाज स्वच्छ होता. असा आवाज आपल्या घरात आहे, हे पेंडशांना माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी ते देवापुढे इतका वेळ बसले की मालनताईंनी दोनदा डोकावून पाहिलं.

शनिवारी वर्गात सिस्टरांनी विचारलं, "काका, काय ऐकलंत?"

पेंडसे उभे राहिले. खिशातला टिपणांचा कागद त्यांनी काढला, परत ठेवला.

"तिचं अजून संपलेलं नाही, सिस्टर. मुदत वाढवून मिळेल?"

"किती दिवस?"



"तिला विचारून सांगतो."